रेडा कसा मेला

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी कळायला हवं होतं त्याच्याजवळ तर नाहीच. तुमच्याजवळ का बोलतेय? तुम्ही माझे कुणी लागत नाही म्हणून असेल. उद्या तुम्ही रस्त्यात समोरून आलात तरी मला ओळखणार नाही, हे बरं आहे.

गोष्ट एका खेळातली आहे. खेळातली म्हणून तर ती इतकी वर्षं आत ठेवता आली. खेळात काय एवढं? असं मीच मला म्हणायचे. भांडी घासताना, बसस्टॉपवर उभी असताना — खेळच होता ना, मने, कुणी खरं मेलं का?

आधी खेळ सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मी साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात ड्रॉइंग करते. पंपांचे भाग, झडपा, सांधे — कुठला तुकडा कुठे बसतो ते कागदावर आणायचं काम. कॉलेजात असताना मला एका खेळाचा नाद लागला. त्याला पट नाही, सोंगट्या नाहीत. चारपाच जणांनी टेबलाभोवती बसायचं. एक जण सूत्रधार. तो गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतला एकेक माणूस होतात. समोर दरी आली, तर सूत्रधार विचारतो, काय करतोस? तुम्ही म्हणता, उडी मारतो. उडी जमली की नाही, ते वीस बाजूंचा एक फासा ठरवतो. मोठा आकडा पडला तर पार, लहान पडला तर खाली. बस, एवढंच. पण एकदा त्यात शिरलं की चहा गार होतो.

पुढे मी माझाच एक खेळ रचला, मराठीत. दोनशे वर्षांनंतरचा काळ, बर्फाने झाकलेला एक परका चंद्र, त्याच्या पोटात खाणी. खाणीत माणसं अडकतात, आणि त्यांना काढायला जाणारे जवान यांत्रिक चिलखत घालून जातात. हे चिलखत म्हणजे माझा जीव होता. दाराच्या चौकटीएवढं उंच, प्रत्येक सांध्यात मोटर, पाठीवर शक्तीचा डबा. आतल्या माणसाने बोट हलवलं की चिलखताचं बोट हलायचं, पण दसपट जोराने. गुडघा कसा वाकेल, खांद्याचा भार कमरेवर कसा उतरेल, सगळं मी पंपाच्या सांध्यासारखं नीट काढलं होतं. चिलखत चालवलं की ते तापतं. फार तापलं की डबा दगा देतो, आणि डबा गेला की सगळे सांधे जागच्या जागी लॉक. आत माणूस तसाच उभा. हा नियमही माझाच.

रविवारी दुपारी आम्ही किरणच्या औषधाच्या दुकानामागच्या खोलीत खेळायचो. मी, किरण, आणि शाळेत गणित शिकवणारी समीना. आणि नंतर दादा.

दादा माझा सख्खा भाऊ, माझ्याहून सात वर्षांनी मोठा. आम्ही कुंडलचे. दादा गावातून फौजेत गेला, हवालदार झाला. एकदा डोंगरातल्या रस्त्यावरून त्याची गाडी खाली दरीत गेली. जीव वाचला, कमरेखालचं जवळजवळ सगळं गेलं. डाव्या पायात थोडी जाणीव उरली, उजव्यात काहीच नाही. घरी आल्यावर दवाखाना जवळ पडावा म्हणून तो आणि वहिनी साताऱ्यात तळमजल्यावर राहायला आले. वहिनी शाळेत नोकरीला जायची. दादा दिवसभर टीव्हीसमोर. एक दिवस वहिनीच मला म्हणाली, "वन्सं, रविवारचं तरी त्यांना कुठंतरी घिऊन जावा. भिंतीशी बोलाय लागलेत."

खरं सांगू? मला त्याला न्यायचं नव्हतं. माझी ती एकच जागा होती जिथे मी कुणाची बहीण, कुणाची बायको नव्हते. पण नेलं.

पहिल्या दिवशी तो चाकाच्या खुर्चीत कोपऱ्यात बसून नुसता बघत राहिला. मी चिलखताचं चित्र टेबलावर ठेवलं तेव्हा पुढे वाकला. बराच वेळ बघून म्हणाला, "आत खाज सुटली तर?"

आम्ही हसलो. तो हसला नाही. "हसताय काय? आन् लघवीला? दोन दिस आत ऱ्हायचं म्हणतीस, मग माणसानं करायचं काय?"

त्या दुपारी खाणीबिणी बाजूलाच राहिल्या. चिलखतात खाजवायचं कसं यावर आम्ही चौघे संध्याकाळपर्यंत बोललो. पुढच्या रविवारी तो आपण होऊन तयार बसला होता. किरणच्या चिलखताचं नाव वज्र, समीनाच्या गरुड. मी दादाला विचारलं, तुझ्या चिलखताला काय नाव देतोस? तो म्हणाला, "रेडा. पळायचा न्हाई लय, पर चिखलात रुतायचाबी न्हाई."

रेड्याने मग आम्हाला वेड लावलं. दादा खेळायचा तसा कुणीच खेळायचं नाही. तो कधी शूरपणा दाखवायला जायचा नाही. आधी बाहेर पडायची वाट बघायचा, मग आत शिरायचा. अडकलेल्या माणसांना नावं विचारायचा. ती नावं मला आयत्या वेळी सुचायची नाहीत, तर म्हणायचा, "सूत्रधार, बिननावाचं माणूस मी उचलणार न्हाई." घरी वहिनी म्हणायची, आता हे जेवताना बोलतात. आणि याच काळात त्याने दवाखान्यातला व्यायाम मनावर घेतला. तिथे दोन समांतर दांड्या असतात. पायांना पट्ट्या बांधून, दांड्यांना धरून, हातांच्या जोरावर स्वतःला पुढे ढकलायचं. पूर्वी तो जायचाच नाही. आता जायचा, आणि आला की मला फोन करायचा. "आज रेड्याची ट्रायल झाली. टोकापातूर गेलो. तापला लय, पर गेलो."

मी म्हणायचे, वा. मला खरंच आनंद व्हायचा. हे सांगितलं नाही तर तुम्हाला वाटेल मी दगड होते. मी दगड नव्हते. म्हणून तर हे सांगणं अवघड जातंय.

एका रविवारी खेळ आटोपल्यावर मी त्याला रिक्षाने घरी सोडत होते. पोवई नाक्याजवळ गर्दीत रिक्षा उभी राहिली. तो एकदम म्हणाला, "मने, एक सांगतो, ध्यानात ठेव. घरात कॅरम मांडला तर राणी माज्यासाठी सोडत्यात. पत्त्यात परवा किरणनं हुकमाचं पान दाबून ठेवलं. मला काय कळत न्हाई व्हय? सगळी मला जिंकू देत्यात गं. तुज्या फाशाला माजं पाय दिसत न्हाईत. म्हणून येतो मी. तू कवा माज्यासाठी फासा फिरवू नगंस. रेडा मरायचा असला तर मरू दे."

मी म्हटलं, "शपथ, दादा."

ती शपथ मी पाळली. बरेच दिवस पाळली, आणि सोपं नव्हतं ते. सूत्रधाराचे काही फासे पुठ्ठ्याच्या पडद्याआड पडतात, कारण काही गोष्टी खेळणाऱ्याला आधी कळून चालत नाहीत. डब्यात किती दम उरलाय, हे चिलखतातल्या माणसाला कसं कळणार? तो फासा मी पडद्याआड टाकायचे, आणि रेड्यासाठी टाकतानाही जो आकडा पडेल तोच सांगायचे. दोनदा तो मरता मरता वाचला. दोन्हीदा फाशाने वाचवला, मी नाही.

आणखी एक सांगायला हवं. हे नसतं तर पुढचं एवढं वाईट झालं नसतं.

एकदा किरण आणि समीना दोघेही येऊ शकले नाहीत. खोलीत मी आणि दादा. काही विचारलं नसताना तो त्या अपघाताबद्दल बोलायला लागला. गाडी उलटी पडलेली. डिझेलचा वास. रेडिओ चालू होता, पलीकडून कुणीतरी सारखं विचारत होतं — पोझिशन बोलो, पोझिशन बोलो. याचा हात पोचत नव्हता. तरी हा उत्तर देत राहिला, बटण न दाबताच. आणि याच्या अंगावर कुणाचे तरी पाय पडले होते. याला वाटलं, शेजारच्या जवानाचे. हा त्याला म्हणत होता, भाई, पैर हटा. मग ध्यानात आलं, पाय स्वतःचेच आहेत.

हे त्याने आवाज न चढवता सांगितलं. मग म्हणाला, "तुज्या वहिनीला न्हाई सांगितलं ह्यातलं काय. तू बी नगं सांगू. च्या सांग बरं." मी चहा सांगितला.

आता सांगलीचा दिवस.

सांगलीत एका कॉलेजच्या हॉलमध्ये अशा खेळांचा मेळावा होता. कोल्हापूर, पुण्याकडून लोक यायचे होते. त्यात अनुजा नावाची एक बाई होती. ती पुण्यात असे खेळ छापून विकायची. माझ्या खेळाची पानं तिने वाचली होती आणि फोनवर म्हणाली होती, "चिलखत फार सुंदर आहे, पण सगळं जरा कोरडं वाटतं. खेळताना माणूस आतून हलतो का, ते मला बघायचंय." कोरडं. हा शब्द मला महिनाभर टोचत होता.

आम्ही चौघे किरणच्या गाडीने गेलो. हॉल पहिल्या मजल्यावर निघाला, लिफ्ट नाही. मला आधी विचारायला हवं होतं, मी विचारलं नव्हतं. कॉलेजच्या चार पोरांनी दादाला खुर्चीसकट उचलून वर नेलं. दादाला उचलून नेलेलं अजिबात खपत नाही. पूर्ण जिना तो छताकडे बघत होता. मी म्हटलं, दादा, राहू दे, परत जाऊ. तर म्हणाला, "तुजं काम हाय न्हवं? मग गप."

खेळ सुरू झाला. बर्फाखालची खाण, आत माणसं, आणि वरून खाली येणारं एक लोखंडी दार. माणसं बाहेर येईपर्यंत दार कुणीतरी धरून ठेवायला हवं. दादाने रेडा दाराखाली उभा केला, खांद्यावर दार घेतलं. "नावं सांगा एकेकाची," तो म्हणाला, "मोजून बाहेर काढतो." या वेळी मी नावं तयार ठेवली होती. एकेक नाव घेत माणसं बाहेर येत होती आणि रेडा तापत होता. शेजारच्या टेबलांवरची मुलं उठून आमच्याभोवती उभी राहिली. अनुजाने हातातला मोबाइल खाली ठेवला.

शेवटचा माणूस बाहेर आला. आता रेड्याने दार सोडून बाहेर उडी घ्यायची. डब्यात दम उरलाय का? दहा किंवा वर पडले तर उरलाय. खाली पडले तर नाही.

मी पडद्याआड फासा टाकला.

सतरा पडले.

मी ते सतरा बघितले. चुकून वाचलं, घाईत दिसलं नाही, असं काही नाही. पांढऱ्या फाशावर काळे सतरा, अगदी सरळ माझ्याकडे तोंड करून. मग मी मान वर केली. सगळे माझ्याकडे बघत होते, अनुजाही. आणि मला कळलं की मी सतरा म्हटलं तर एक टाळी पडेल, दोघंतिघं शिट्ट्या मारतील आणि मुलं आपापल्या टेबलाकडे जातील. आणि नाही म्हटलं तर —

मी म्हटलं, "चार."

रागात नाही बोलले. भीतीनेही नाही. दादाचा मला हेवा वाटत होता का? थोडा असेल, खेळ माझा आणि लोक रेड्याला बघायला थांबलेले. पण त्या क्षणी तेही मनात नव्हतं. मला फक्त तो हॉल गप्प झालेला हवा होता. मला कोरडं म्हणालेल्या बाईचे डोळे ओले व्हायला हवे होते. बस, इतकं साधं.

आणि ते कसं करायचं हे मला ठाऊक होतं. माझ्याकडे माल तयार होता.

मी रेड्याचं मरण सांगायला लागले. आधी गुडघे लॉक झाले, मग कंबर, मग मान. डोळ्यांपुढचा स्क्रीन विझला. अंधारात फक्त रेडिओ चालू राहिला, आणि त्यावर कुणीतरी विचारत होतं, तुमची जागा सांगा, तुमची जागा सांगा. जवान उत्तर देत होता, पण बटणापर्यंत बोट पोचत नव्हतं. त्याला वाटलं आपल्या अंगावर कुणीतरी पाय टाकून पडलंय. तो म्हणाला, मित्रा, पाय काढ. मग त्याला कळलं, पाय आपलेच आहेत.

हे सगळं मी अनुजाकडे बघत सांगितलं. दादाकडे नाही बघितलं. बघितलं असतं तर बोलता आलं नसतं, आणि मला बोलायचं होतं.

हॉल गप्प झाला. समीना रडत होती. मागे कुणीतरी नाक ओढलं. अनुजाने चष्मा काढून पुसला. मला आनंद झाला. हेही सांगून ठेवते — मला आनंद झाला.

मग मी दादाकडे वळले. त्याच्या दोन्ही मुठी खुर्चीच्या चाकांवर आवळलेल्या होत्या, जणू उतारावर खुर्ची धरून ठेवलीये. चेहरा राखेसारखा. तो म्हणाला, "बरं."

किरण माझ्याकडे वळून म्हणाला, "अगं एकदा परत टाक ना फासा. शेवटचा माणूसपण काढला त्यांनी."

तर दादाच त्याला म्हणाला, "न्हाई गड्या. पडला त्यो पडला."

तोवर फासा मी उचलून पिशवीत टाकला होता.

परत येताना कराडच्या अलीकडे चहाला थांबलो. किरण आणि समीना खाली उतरले, मी दादाचा चहा घेऊन खिडकीपाशी उभी राहिले. त्याने पेला हातात घेतला, पण प्यायला नाही. समोर बघत म्हणाला, "रेडिओचं बरं ध्यानात ठिवलंस."

ही वेळ होती. हायवेच्या कडेला, आम्ही दोघंच. मी काय म्हणाले माहितीये? "असंच सुचलं, दादा, बोलता बोलता."

तो म्हणाला, "व्हय. सुचतं तसं."

पुढच्या रविवारी त्याला सर्दी होती. त्याच्या पुढच्या रविवारी पाठ दुखत होती. नंतर कारण द्यायचं थांबलं आणि आम्हीही विचारायचं थांबवलं. किरणने टेबलापाशी चौथी खुर्ची पुन्हा आणून ठेवली. दादाची चाकाची खुर्ची लागावी म्हणून ती जागा आधी मोकळी ठेवलेली असायची.

अनुजाने खेळ छापला. खेळ कसा खेळायचा हे कळावं म्हणून पहिल्याच प्रकरणात एका डावाचं वर्णन घ्यावं, असं ती म्हणाली, आणि तिला तोच डाव हवा होता. मी दादाला विचारलं. निदान विचारलं तरी, असं तेव्हा वाटलं होतं. तो टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला, "घे की." मी घेतला. रेडिओ, पाय, सगळं. आणि पुस्तक त्यालाच अर्पण केलं. लोकांना ते फार आवडलं. कुणाकुणाचे निरोप आले की ते पान वाचून रडू आलं.

मग एकदा त्यांच्याकडे गेले असताना वहिनी ओट्यापाशी भाकरी थापत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या दांड्यांवर जायचं सोडलंय त्यांनी. किती म्हयने झालं. मी लय बोलले, पर म्हणत्यात, काय करायचंय, शेवटाला लॉक व्हायाचं ते व्हतंच."

लॉक. हा शब्द त्यांच्या घरात कुठून आला, हे वहिनीला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी म्हटलं, "बोलते मी त्याच्याशी." आणि आतल्या खोलीत जाऊन त्याच्याशी पाऊसपाण्याचं बोलून आले.

दवाखान्यातले डॉक्टर नंतर म्हणाले होते की दांड्यांवरच्या व्यायामाने फार काही साधलं असतं असं नाही. पायात जीव परत येणार नव्हताच. हे खरं असेल. मी बऱ्याचदा ते आठवून बघितलं, त्याचा काही उपयोग होतो का ते. नाही होत. तो टोकापर्यंत जायचा आणि मला फोन करायचा. तो फोन यायचा थांबला.

आणि कुंडलला जे झालं ते. गावातल्या वाचनालयाने माझा सत्कार ठेवला. गावातल्या मुलीने पुस्तक लिहिलं, कसलं का असेना, एवढंच त्यांना पुरे होतं. आई पुढच्या रांगेत, दादा रांगेच्या कडेला खुर्चीत. शाल, नारळ झालं, भाषणं झाली, आणि अध्यक्षांनी अचानक दादाला म्हटलं, हवालदारसाहेब, तुम्ही बोला दोन शब्द. मला वाटलं तो नाही म्हणेल. त्याने माइक मागून घेतला.

म्हणाला, "मला भाषण येत न्हाई. एकच सांगतो. मी असा झालो तवापासनं सगळी माज्याशी गोड बोलत्यात. गोड म्हंजी खोटं. डॉक्टर, पावणं, दोस्त, सगळी. ह्या माज्या बहिणीनं माजा रेडा सगळ्यांच्या म्होरं मारला. पडद्याआड फासा व्हता, कोण बघतंय? तिला वाचवता आला असता. पर न्हाई वाचवला. लय लागलं मला, न्हाई कशाला म्हणू. पर घरातलं एक माणूस तरी माज्याशी खोटं बोललं न्हाई."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईने डोळ्याला पदर लावला. आणि मी? माइक दोन हातांच्या अंतरावर होता. उठून एक वाक्य बोलायचं होतं. मी शालीची घडी नीट केली. मग नमस्कार केला, आणि नंतर सगळ्यांबरोबर कॉफी प्यायले, दोन बिस्किटं खाल्ली.

तुम्ही विचाराल, सांगितल्याने आता काय होणार? त्याच्यापाशी तेवढी एकच गोष्ट उरली आहे, तीही काढून घ्यायची का? असं मीही म्हणून बघितलंय. पण ते त्याच्यासाठी म्हणत नाही मी, हे मला कळतं. तो खरं ऐकायला घाबरणारा माणूस नाही. त्याने ते रिक्षात बसून स्पष्ट सांगितलं होतं. घाबरते ती मी. त्या टाळ्या मला परत द्यायच्या नाहीत.

गेल्या महिन्यात तो परत आला. कुणी बोलावलं नव्हतं. रविवारी दुपारी औषधाच्या दुकानासमोर रिक्षा थांबली आणि ड्रायव्हरने आतून खुर्ची काढली. किरण काउंटर सोडून पळत बाहेर गेला. दादा थोडा जाड झालाय, कानाजवळ पांढरा. टेबलाशी येऊन म्हणाला, "नवा गडी करतो. चिलखत नगं आता. खाणीवर मेस चालवणारा. आचारी. त्याला मराय कोण धाडत न्हाई."

समीना हसायला लागली ती थांबेचना. आम्ही आचाऱ्याला नाव दिलं, त्याला काय काय येतं ते ठरवलं. दादा विचारत होता, त्या चंद्रावर पीठ कुठून येतं, आणि पाणी उकळायला किती वेळ लागतो. मी उत्तरं देत होते. माझा पुठ्ठ्याचा पडदा मी पिशवीतून काढलाच नव्हता.

पहिला फासा टाकायची वेळ आली. मी तो टेबलाच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल असा टाकला. दादाने आधी फाशाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पडदा कुठं गेला?"

"नव्या आवृत्तीत काढून टाकलाय," मी म्हटलं. "आता सगळे फासे उघड्यावर. तसा नियम केलाय."

"कशाला गं?" तो हसत म्हणाला. "तुज्यावर कुणाचा भरवसा न्हाई व्हय?"

किरणही हसला. मीही हसले.

नव्या आवृत्तीचं काम चालू आहे, हे खरं आहे. तसा नियम तिच्यात नाही.